विश्लेषण : ‘हवामान कोरडे राहील’ म्हणजे नेमके काय? पाऊस परतल्यावर थंडी कधी येते?

दसरा-कोजागरीच्या सुमारास अंदाजपत्रकात एक वाक्य हमखास दिसू लागते : ‘राज्यात हवामान कोरडे राहण्याची शक्यता’. हे वाचून कुणी गारव्याची वाट पाहतो, कुणी सोयाबीन काढायला घेतो, तर कुणी द्राक्षबागेच्या छाटणीची तारीख ठरवतो. पण ‘कोरडे हवामान’, ‘कोरडी हवा’ आणि ‘थंडी’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच दिवशी येत नाहीत. त्यांच्यातील अंतर समजून घेणे शेतकऱ्यासाठी तर पैशाचा प्रश्न आहे.

अंदाजातील ‘कोरडे’ कशाला म्हणतात?

हवामान विभागाच्या भाषेत एखाद्या भागातील एकाही केंद्रावर पावसाची नोंद झाली नाही, की तेथील हवामान ‘कोरडे’. यात हवेतील बाष्पाचा हिशेब नाही. त्यामुळे मुंबई, ठाणे किंवा रत्नागिरीत अंदाज ‘कोरडे हवामान’ असा असूनही अंगातून घामाच्या धारा वाहू शकतात. अंदाज चुकलेला नसतो. पाऊस थांबलेला असतो, बाष्प गेलेले नसते.

मोसमी पाऊस परतला, हे कसे ठरते?

त्यासाठी तीन निकष आहेत. सलग पाच दिवस पाऊस थांबलेला असणे, जमिनीपासून साधारण दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्यांची प्रतिचक्रीय स्थिती तयार होणे आणि हवेतील बाष्प लक्षणीय घटणे. २०२०मध्ये सुधारलेल्या वेळापत्रकानुसार वायव्य राजस्थानातून परतीचा प्रवास सुरू होण्याची सर्वसाधारण तारीख १७ सप्टेंबर, तर मुंबईतून मोसमी वारे परतण्याची तारीख ८ ऑक्टोबर आहे. पण या सरासरी तारखा आहेत. २०१९मध्ये परतीचा प्रवासच ९ ऑक्टोबरला सुरू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ आले आणि राज्यात काढणीला आलेली पिके पाण्यात गेली.

मग आधी ‘ऑक्टोबर हीट’ का?

ढग हटले की ऊन थेट जमिनीवर येते. जमीन अजून ओली असते, त्यामुळे बाष्पीभवन वाढते. नैऋत्येचे वारे मंदावलेले असतात आणि उत्तरेचे वारे स्थिरावलेले नसतात. या मधल्या काळात ऊन आणि दमटपणा एकत्र येतात. किनारपट्टीवर पूर्वेकडून जमिनीवरचे वारे वाहू लागले, की समुद्रावरून येणारे वारे दुपारी उशिरा पोहोचतात आणि पारा आणखी चढतो. त्यामुळेच मे महिन्यानंतर मुंबईत कमाल तापमानाचा दुसरा चढ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दिसतो.

कोरड्या हवेने रात्र गार कशी होते?

दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता बाहेर टाकते. हवेतील बाष्प आणि ढग ही उष्णता गोधडीसारखी अडवून धरतात. ही गोधडी निघाली, की उष्णता थेट वर निघून जाते. पुण्यात जुलैमध्ये दिवसाच्या आणि रात्रीच्या तापमानात जेमतेम सहा अंशांचा फरक असतो. नोव्हेंबरमध्ये तोच फरक १५ अंशांच्या घरात जातो. दुपारी तिशीत असलेला पारा पहाटे १५पर्यंत उतरतो.

इथे ‘दवबिंदू’ हा आकडा कामाचा. हवा ज्या तापमानापर्यंत गार झाल्यावर दव पडू लागते, तो दवबिंदू. दव पडू लागले की त्यातून उष्णता बाहेर पडते आणि पारा घसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून आकाश निरभ्र, वारा शांत असताना संध्याकाळचा दवबिंदू २२ अंश असेल, तर पहाटे फार गारठा पडत नाही. तो १२ अंशांवर आला असेल, तर रात्रीला गार व्हायला बरीच मोकळीक असते. सापेक्ष आर्द्रतेचा पहाटेचा आकडा मात्र फसवा असतो. हवा गार झाली की बाष्प तेवढेच असूनही हा आकडा वाढतो.

शेतीसाठी हे दिवस इतके महत्त्वाचे का?

कारण एकाच आठवड्यात वेगवेगळ्या पिकांच्या गरजा परस्परविरोधी असतात. काढलेल्या सोयाबीनला ऊन आणि कोरडी हवा हवी. हमीभावाच्या खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. २०२४च्या हंगामात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली. मर्यादेपेक्षा ओल जास्त, तर माल परत किंवा व्यापाऱ्याला पडत्या भावात.

याउलट सोलापूर, मंगळवेढा, मराठवाड्यातील कोरडवाहू ज्वारी आणि हरभरा जमिनीत साठलेल्या ओलीवरच उगवतात. पाऊस फार लांबला तर वाफसा येत नाही आणि पेरणी अडते. तो लवकर गेला आणि जमीन तापली, तर वरच्या थरातील ओल उडून जाते. म्हणजे पेरणीसाठी मिळणारी खिडकी मोजक्या दिवसांचीच.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट येते. तेव्हा ढगाळ, दमट हवा राहिली किंवा पाने फार वेळ ओली राहिली, तर डाऊनीचा धोका वाढतो आणि फवारणीचा खर्चही. गव्हाला तर चांगल्या फुटव्यांसाठी नोव्हेंबरपासून सलग गारवा लागतो.

थंडी कशामुळे लांबते?

नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडील कोरडे वारे महाराष्ट्रात पोहोचले की निफाडसारख्या ठिकाणी पारा झपाट्याने उतरतो. हिमालयात पश्चिमी विक्षोभामुळे बर्फवृष्टी झाली, की त्यामागून येणारे वारे आणखी गार असतात. पण ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचाही काळ. तिथे कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, तर पूर्वेकडून बाष्प येते, ढग दाटतात आणि किमान तापमान एका रात्रीत वाढते. ‘ला निना’च्या वर्षी थंडी जास्त पडते, असे सरसकट म्हटले जाते. तो कल असतो. तुमच्या तालुक्यातील पुढचा आठवडा त्यावरून ठरत नाही.

अंदाज वाचताना काय पाहावे?

पहिले, किमान तापमान सलग तीन-चार दिवस उतरते आहे का. एका रात्रीच्या घसरणीवर जाऊ नये. दुसरे, संध्याकाळचा दवबिंदू. तिसरे, वाऱ्याची दिशा. ती उत्तर किंवा ईशान्येकडे स्थिरावली का, हे पाहावे आणि उपसागरात काय शिजते आहे, याकडेही लक्ष ठेवावे. हवामान विभाग दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचा विस्तारित अंदाज देतो, तर जिल्हानिहाय कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. आठवड्याचे नियोजन पहिल्यावरून करावे, काढणी किंवा फवारणीचा दिवस मात्र दुसऱ्यावरून ठरवावा. स्वेटर एखादा आठवडा उशिरा बाहेर काढला तरी चालतो. उघड्यावर पडलेल्या सोयाबीनच्या गंजीला ती सवलत नसते.