‘मेड इन इंडिया’ : केबलच्या काळातला एक व्हिडिओ

अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ १९९५ साली आलं. संगीत बिड्डूचं, कॅसेट मॅग्नासाउंडची, व्हिडिओचं दिग्दर्शन केन घोषचं. गाणं कुठल्याच सिनेमातलं नव्हतं, तरी कॅसेट सिनेमाच्या तोडीनं खपली, आणि त्यात मोठा वाटा व्हिडिओचा होता. त्यात एका राजकन्येच्या मनात एकही वर भरत नाही. अखेर एक पेटी उघडते आणि आतून मिलिंद सोमण बाहेर येतो. जलतरणात राष्ट्रीय विजेता असलेला हा मराठी तरुण त्या काही क्षणांनी घराघरांत पोहोचला.

हा व्हिडिओ दिसायचा तो संगीतवाहिन्यांवर: चॅनल व्ही १९९४ मध्ये आलं, एमटीव्ही १९९६ मध्ये भारतात परतलं. गोंदियासारख्या गावांत डिश केबलवाल्याच्या गच्चीवर असे, तिथून काळी वायर छपरांवरून घरात येई. आवडतं गाणं कधी लागेल याचा नेम नसे. लागलं की हातातलं काम टाकून धावायचं, कारण चुकलं तर चुकलंच. या वाट पाहण्यानेच ते इतकं पक्कं लक्षात राहिलं असावं. शिवाय मानसशास्त्राच्या अभ्यासांनुसार किशोरवयात ऐकलेलं संगीत आयुष्यभर सर्वाधिक आठवतं.

पुढे एमपी३ आली, कॅसेट संपली, संगीतवाहिन्या रिअॅलिटी शोकडे वळल्या आणि सिनेमाबाहेरचं हे इंडिपॉप मागे पडलं. अलिशाला फिल्मफेअर मिळालं ते सिनेमातल्याच गाण्यासाठी, २००५ च्या ‘कजरा रे’साठी.