भोक आणि वाट

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस आज शस्त्रक्रियेबद्दल बोलणार, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण मला तिच्यात एक जुनाच प्रश्न दिसतो.

आधी सांगा, रडताना नाक का वाहतं? दोन्ही पापण्यांच्या काठावर, नाकाकडच्या बाजूला, एकेक बारीक छिद्र असतं. तिथून अश्रू अश्रुपिशवीत जातात आणि पुढे हाडातल्या नळीतून नाकात उतरतात. ही नळी बंद झाली की डोळा सारखा पाझरतो. मोठ्या वयात हा त्रास बायकांना अधिक होतो. घरचे म्हणतात, 'आजी हल्ली फार हळव्या झाल्यात.' अहो, आजी हळव्या नाहीत, निचरा तुंबलाय! साचलेल्या पाण्यात जंतू वाढतात, पिशवीत पू होतो. तसंच मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, तर जंतू डोळ्याच्या आत शिरून दृष्टीच जाऊ शकते.

१९०४ मध्ये फ्लॉरेन्सच्या आद्देओ तोती यांनी उपाय मांडला: बंद नळीचा नाद सोडा, पिशवी आणि नाक यांच्यामधलं हाड थोडं काढा, अश्रू थेट नाकात जाऊ द्या. कल्पना उत्तम. पण शरीराच्या लेखी ते भोक म्हणजे जखम, आणि जखम भरून काढणं हा तर शरीराचा धर्म! भोक पुन्हा बुजू शकायचं.

पुढे १९२० च्या सुमारास फ्रान्समध्ये द्यूप्वी-द्यूताँ आणि बुर्गे यांनी पिशवीच्या आणि नाकाच्या आतल्या ओलसर अस्तराचे पदर केले आणि ते एकमेकांना शिवले. हाडातल्या खिडकीला रुग्णाचंच जिवंत अस्तर मिळालं. उघडी कड झाकली गेली, मग बुजवायचं कशाला? आज दुर्बिणीनं नाकातूनही ही शस्त्रक्रिया करतात. तिथेही अस्तर जपण्याला महत्त्व आहे. मात्र पापणीकडच्या बारीक नळ्याच नष्ट झाल्या असतील, तर एवढ्यानं भागत नाही. तिथे बहुधा काचेची नळी बसवतात, आणि ती परकी वस्तू कायम सांभाळावी लागते.

तर प्रश्न असा: भोक आणि वाट यांत फरक काय? भोक शरीराच्या इच्छेविरुद्ध पाडता येतं. वाट टिकायची, तर शरीरानं ती आपली म्हणायला हवी. इथे बरं होण्याची शक्तीच आड येत होती. तिच्याशी न झगडता तिलाच कामाला लावलं, हे मला मोठं वाटतं.

आणि हो, घरात कुणाचा डोळा सारखा पाझरत असेल, तर 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नका. नेत्रतज्ज्ञांना दाखवा.