फुटबॉलचे वैयक्तिक प्रशिक्षण

एका प्रशिक्षकाने एका वेळी एकाच होतकरू खेळाडूस, संघाच्या नित्य सरावाव्यतिरिक्त आणि बहुधा मोबदला घेऊन दिलेले फुटबॉलचे शिक्षण. वाढीच्या वयातील मुलेमुली ते प्रामुख्याने घेतात. मुंबई, पुणे यांसारख्या शहरांत कृत्रिम हिरवळीची लहान मैदाने तासाच्या भाड्याने मिळू लागल्यापासून, विशेषतः २०१० नंतर, महाराष्ट्रात त्याचा प्रसार झाला.

या पद्धतीची गरज खेळाच्या स्वरूपातूनच निर्माण होते. ९० मिनिटांच्या सामन्यात २२ खेळाडूंमध्ये चेंडू एकच असल्याने तो एका खेळाडूच्या पायाशी एकूण सु. दोन-तीन मिनिटेच राहतो. सरावातही एका प्रशिक्षकामागे वीस-पंचवीस मुले असली, तर चेंडू अडविताना घोटा ताठर ठेवणे, डाव्या पायाचा वापर टाळणे यांसारखे बारीक दोष नजरेतून निसटतात व कालांतराने अंगवळणी पडतात. वैयक्तिक तासात ते हेरून सुधारता येतात आणि चेंडूला शेकडो वेळा पाय लागतो. अशा शिक्षणाला पद्धतशीर रूप देणाऱ्यांत डच प्रशिक्षक वील कूर्व्हर (१९२४–२०११) यांचे नाव अग्रगण्य आहे. फेयेनूर्ड संघाने १९७४ मध्ये युएफा चषक जिंकला तो त्यांच्याच मार्गदर्शनाखाली. नामवंत खेळाडूंच्या हालचालींचे चित्रफितींवरून पृथक्करण करून, कौशल्य केवळ उपजत नसते, ते टप्प्याटप्प्याने शिकविता येते, असे त्यांनी प्रतिपादिले.

महाराष्ट्रास गुरूने एकेका शिष्यावर मेहनत घेण्याची प्रथा नवी नाही. कोल्हापुरातील अनेक फुटबॉल संघ आजही तालमींच्या नावांनीच ओळखले जातात, उदा., पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ. तथापि वस्तादाची रीत फुटबॉलला जशीच्या तशी लागू पडत नाही. आखाड्यात वस्ताद पठ्ठ्याशी स्वतः झुंजतो, तेव्हा शिक्षक आणि प्रतिस्पर्धी एकच असतो. कुस्तीचा सारा प्रश्न त्या दोघांत मावतो. फुटबॉलमध्ये चेंडू केव्हा सोडावा, कोणाकडे द्यावा, मोकळी जागा कोठे निर्माण होत आहे, हे निर्णय इतर एकवीस जणांच्या हालचालींवर अवलंबून असतात. प्लॅस्टिकच्या शंकूंमधून सफाईने चेंडू नेणारा मुलगा सामन्यात गोंधळतो, याचे कारण हेच. शंकू अंगावर धावून येत नाहीत. म्हणून जाणता प्रशिक्षक तासाचा काही भाग स्वतः बचावपटू होऊन खेळतो, चेंडू येण्यापूर्वी खेळाडूस खांद्यावरून मागे पाहण्याची सवय लावतो आणि पाठीमागे उभे राहून किती बोटे दाखविली ते विचारतो. शिष्याचे सामने न पाहता दिलेले वैयक्तिक प्रशिक्षण आंधळेच म्हणावे लागेल.

चेंडू वयानुसार घ्यावा. आठ वर्षांखालील मुलांस सामान्यतः तीन क्रमांकाचा, त्यापुढे सु. बारा वर्षांपर्यंत चार क्रमांकाचा, व नंतर ६८ ते ७० सेंमी. परिघाचा आणि ४१० ते ४५० ग्रॅ. वजनाचा पाच क्रमांकाचा चेंडू वापरतात. कोवळ्या वयात डोक्याने चेंडू मारण्याचा सराव टाळावा, असा मतप्रवाह बळावला असून अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांस त्याची मनाई केली; इंग्लंडमध्येही २०२० मध्ये प्राथमिक शाळेतील वयाच्या मुलांचा असा सराव बंद करण्यात आला.

शाळेचा संघ, क्लब व खाजगी तास यांचे ओझे एकाच शरीरावर पडते, याचे भान पालकांस नेहमीच असते असे नाही. उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात गुडघ्याखालील उंचवट्यावर अथवा टाचेत दुखू लागते. तेथे स्नायुबंध अजून पक्क्या न झालेल्या हाडास ओढत असतो. ही वेदना आळसाचे निमित्त समजून मुलास पळविणे घातक होय. याहून गंभीर प्रश्न मुलाच्या सुरक्षिततेचा आहे. एक प्रौढ व एक मूल अशी ही रचना असल्याने, लैंगिक अत्याचारांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा कायदा असला, तरी शिकवणी उघड्या मैदानावर, इतरांच्या दृष्टीच्या टप्प्यात व्हावी, हा दंडक कसोशीने पाळला पाहिजे. प्रशिक्षकाजवळ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचा निदान ‘डी’ स्तराचा परवाना आहे की नाही, हेही पाहावे.

नंदुरबार जिल्ह्यातील तापीकाठच्या सारंगखेड्यासारख्या गावच्या मुलास शहरातील खाजगी प्रशिक्षकाकडे जायचे, तर शुल्काच्या जोडीला प्रवासाचा भारही सोसावा लागतो. मात्र या प्रशिक्षणाचा चेंडूवरील ताब्यापुरता भाग स्वकष्टाने साधण्याजोगा आहे. शाळेच्या भिंतीवर पाच-सहा मीटरवरून आळीपाळीने दोन्ही पायांनी चेंडू मारणे आणि परतणारा चेंडू एकाच स्पर्शात थोपविणे, हा सराव रोज वीस मिनिटे केला तरी महिन्या-दोन महिन्यांत फरक जाणवतो. उसळी घेणारी ओबडधोबड जमीन येथे उलट उपकारकच ठरते. पुढील टप्प्यासाठी राज्य शासनाच्या निवासी क्रीडा प्रबोधिनींचा मार्ग आहे. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषक स्पर्धेत भारताकडून खेळलेला कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा अशाच प्रबोधिनीतून पुढे आला.