गृहप्रकाश नियंत्रण

गृहप्रकाश नियंत्रण : घरातील विजेचे दिवे लावणे, मालवणे, त्यांची दीप्ती कमीजास्त करणे व प्रकाशाची छटा बदलणे ही कामे प्रत्येक दिव्याच्या स्विचापाशी न जाता, एका मध्यवर्ती उपकरणाद्वारे आज्ञेनुसार किंवा पूर्वनियोजित क्रमाने घडवून आणण्याची व्यवस्था. या मध्यवर्ती उपकरणास केंद्रीय नियंत्रक वा ‘हब’ आणि त्याच्या आज्ञेने चालणाऱ्या दिव्यास व्यवहारात ‘स्मार्ट’ दिवा म्हणतात. प्रस्तुत नोंदीत अशा यंत्रणेची रचना, कार्य व उभारणी यांची माहिती दिली असून उभारणीचा विचार मुख्यतः मराठवाड्यातील, विशेषतः जालना जिल्ह्यातील, घरे व वीजपुरवठा यांच्या संदर्भात केला आहे. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्याची लोकसंख्या सु. १९.५९ लाख होती व तीपैकी सु. चार पंचमांश लोक ग्रामीण भागात राहत होते. त्यामुळे महानगरातील सदनिका डोळ्यांपुढे ठेवून आखलेली यंत्रणा येथे जशीच्या तशी उपयोगी पडत नाही.

इतिहास : विजेच्या दिव्याची दीप्ती कमी करण्यासाठी आरंभी दिव्याशी एकसरीत रोधक जोडीत, त्यात बरीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाई. १९५९ मध्ये जोएल स्पिरा या अमेरिकन संशोधकांनी अर्धसंवाहक प्रयुक्तीवर आधारलेला व भिंतीतील स्विचपेटीत मावणारा मंदक (डिमर) तयार केला. घरगुती दूरनियंत्रणाची पहिली व्यापक पद्धती ‘एक्स-१०’ ही होय. स्कॉटलंडमधील ग्लेनरॉथेस येथील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने ती १९७५ मध्ये विकसित केली. तीत घरातील वीजवाहक तारांचाच संदेशवहनासाठी उपयोग करीत. प्रत्यावर्ती दाब शून्यातून जात असताना १२० किलोहर्ट्‌झ कंप्रतेचे स्पंद तारांत सोडले जात. १६ गृहसंकेत व प्रत्येकी १६ उपकरणसंकेत मिळून एकूण २५६ पत्ते तीत उपलब्ध होते. तथापि तारांतील विद्युत् गोंगाटामुळे आज्ञा हरवण्याचे प्रकार घडत.

पुढील प्रगतीस दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. निळा प्रकाश देणारा कार्यक्षम प्रकाश-उत्सर्जक डायोड (एलईडी) १९९० च्या दशकात साध्य झाला व त्यामुळे अल्प ऊर्जेत पांढरा प्रकाश मिळू लागला. या कार्याबद्दल इसामू आकासाकी, हिरोशी आमानो व शूजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी गोष्ट म्हणजे अल्प शक्तीच्या रेडिओ संदेशवहनाचे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘आयईईई ८०२.१५.४’ हे मानक. ‘झिग्बी’ ही पद्धती त्यावरच आधारलेली आहे. २०१२ मध्ये फिलिप्स कंपनीने ‘ह्यू’ ही हबयुक्त दीपमालिका बाजारात आणल्यानंतर अशा यंत्रणा घरोघरी परिचित झाल्या. भारतात ५ जानेवारी २०१५ रोजी सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी दिवे वितरित झाले व हे दिवे ग्रामीण घरांतही रूढ झाले. निरनिराळ्या उत्पादकांची साधने एकत्र चालावीत म्हणून ‘मॅटर’ हे सामाईक मानक ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीर करण्यात आले.

रचना व कार्य : यंत्रणेचे चार घटक असतात : (१) आज्ञा पाळणारे दिवे किंवा स्विच, (२) हालचाल, उजेड, दार उघडणे इ. ओळखणारे संवेदक, (३) हब आणि (४) आज्ञा देण्याची साधने, उदा., भिंतीवरील बटण, भ्रमणध्वनी, ध्वनिग्राहक. दिव्याच्या बुडाशी प्रत्यावर्ती प्रवाहाचे एकदिश प्रवाहात रूपांतर करणारे मंडल, सूक्ष्मनियंत्रक व लहान रेडिओ संच असतो. दीप्ती कमी करण्यासाठी प्रवाह सेकंदाला शेकडो वा हजारो वेळा खंडित केला जातो. खंडांचा काळ वाढला, की डोळ्यास उजेड मंद झाल्यासारखा वाटतो.

हब हा वस्तुतः एक छोटा संगणक असतो. प्रत्येक दिव्याचा पत्ता, दिव्यांचे खोलीनिहाय गट आणि ‘अमुक झाले तर तमुक कर’ या स्वरूपाचे नियम त्याच्या स्मृतीत साठविलेले असतात. घराचे अक्षांश-रेखांश व दिनांक यांवरून तो सूर्यास्ताची वेळ काढू शकतो. जालना शहरात सूर्यास्त नोव्हेंबरअखेर पावणेसहाच्या सुमारास, तर जूनअखेर सात वाजून दहा मिनिटांच्या सुमारास होतो. ठरावीक वेळेस चालणाऱ्या साध्या कालमापी स्विचाने अंगणातील दिवा लावल्यास तो वर्षातील काही महिने उजेडी जळतो किंवा अंधारात बंद राहतो. हबमुळे ही अडचण दूर होते.

झिग्बीचे संदेश २.४ गिगॅहर्ट्‌झ कंप्रतापट्ट्यात १६ मार्गांवरून, सेकंदास कमाल २५० किलोबिट या वेगाने जातात. दिव्याला पाठवावयाची आज्ञा काही थोड्या अंकांचीच असल्याने हा वेग पुरेसा होतो. विजेवर सतत चालणारे प्रत्येक साधन आलेला संदेश पुढील साधनाकडे पोहोचविते. त्यामुळे हबपासून दूरचा दिवाही मधल्या दिव्यांमार्फत जोडला जातो. यास जाळीरचना (मेश) म्हणतात. विद्युत् घटावर चालणारे संवेदक ऊर्जा वाचविण्यासाठी बहुतेक काळ निद्रिस्त असतात व संदेश पुढे पाठवीत नाहीत. ‘झेड-वेव्ह’ ही पद्धती याहून कमी कंप्रता वापरते. भारतात तिच्यासाठी ८६५ मेगॅहर्ट्‌झच्या लगतचा पट्टा असून अमेरिकेत तो ९०८ मेगॅहर्ट्‌झच्या आसपास आहे. म्हणून परदेशातून आणलेली झेड-वेव्ह साधने येथील हबशी जुळत नाहीत. वाय-फायवर चालणाऱ्या दिव्यांना वेगळा हब लागत नाही. परंतु प्रत्येक दिवा घरातील राउटरवर स्वतंत्र जागा अडवितो आणि दिव्यांची संख्या वाढल्यावर साध्या राउटरवर ताण पडतो.

दिवा की स्विच : यंत्रणा दोन प्रकारे उभारता येते. पहिल्या प्रकारात साध्या दिव्याच्या जागी स्मार्ट दिवा बसवितात. भारतीय घरांत दोन पिनांचा (बी-२२) होल्डर रूढ असल्याने त्याच बुडाचा दिवा निवडल्यास तारकामाची गरज पडत नाही व प्रकाशाची छटाही बदलता येते. मात्र भिंतीवरील स्विच सतत चालू ठेवावा लागतो. सवयीने कोणी तो बंद केल्यास दिवा आज्ञा ऐकत नाही आणि त्याच्यामार्फत जोडलेले पुढचे साधनही तुटू शकते.

दुसऱ्या प्रकारात दिवे साधेच ठेवून स्विचफलकाच्या मागे अभिचालित्र (रिले) असलेला घटक बसवितात. भिंतीवरचे बटण नेहमीप्रमाणेच दाबता येते व त्याच दिव्यास हबकडूनही आज्ञा देता येते. वृद्ध माणसे, मुले व पाहुणे यांना नवीन काही शिकावे लागत नाही, हा या प्रकाराचा मोठा लाभ होय. या घटकास स्वतःच्या कार्यासाठी फेजबरोबर न्यूट्रल तारेचीही जरूर असते. ज्या फलकावर प्लगची जागा आहे तेथे न्यूट्रल तार सामान्यतः मिळते. जिन्यातील वा एकट्या दिव्याच्या स्विचात बहुधा फक्त फेज तारच नेलेली असते. न्यूट्रलविना चालणारे घटकही मिळतात, परंतु त्यांचा अल्प प्रवाह दिव्यातून वाहत असल्याने बंद असलेला एलईडी दिवा मंद तेवताना वा लुकलुकताना आढळतो.

उभारणी : प्रथम घराचा आराखडा काढून दिवे, स्विचफलक, न्यूट्रल तारेची उपलब्धता व इन्व्हर्टरवर असलेली मंडले त्यावर नोंदवावीत. त्यानंतर हबची जागा ठरवावी. जालना, अंबड, परतूर, भोकरदन इ. गावांतील जुन्या माळवदी घरांच्या भिंती दगडमातीच्या व बऱ्याच जाड असतात आणि छतावर लाकडी तक्तपोशीवर पांढऱ्या मातीचा थर असतो. अशा भिंती, विशेषतः त्यांत ओल असताना, २.४ गिगॅहर्ट्‌झचे तरंग मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. पत्र्याच्या छपरावरून व लोखंडी कपाटावरून तरंग परावर्तित होतात, तर काँक्रीटच्या स्लॅबमधील सळया त्यांना अडथळा करतात. म्हणून हब माजघरासारख्या मध्यवर्ती जागी, जमिनीपासून उंच व कपाटाबाहेर ठेवावा आणि दाराच्या रेषेत एखादे सतत विजेवर चालणारे साधन ठेवून संदेशाला वाट करून द्यावी. हब व वाय-फाय राउटर यांत निदान काही मीटर अंतर ठेवावे. राउटर वाय-फायच्या १, ६ वा ११ या मार्गावर असल्यास झिग्बीचे १५, २० व २५ हे मार्ग त्याच्या गोंगाटापासून तुलनेने मुक्त असतात.

दिवे हबला जोडताना जवळच्यापासून आरंभ करून दूरच्याकडे जावे, म्हणजे जाळी क्रमाने विस्तारते. प्रत्येक दिव्यास घरात रूढ असलेलेच नाव द्यावे, उदा., ओसरी, देवघर, न्हाणी, गोठा. नियम प्रथम थोडे व साधे असावेत. स्विचफलक उघडण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करणे, फेज तार स्विचातूनच नेणे, भूसंपर्कन (अर्थिंग) तपासणे व गळती प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे साधन बसविणे आवश्यक आहे. तारकाम परवानाधारक विद्युत् ठेकेदाराकडूनच करवून घ्यावे.

पुरवठ्यातील खंड : महाराष्ट्र राज्य विद्युत् मंडळाची (स्थापना १९६०) २००५ मध्ये पुनर्रचना होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. त्यानंतरची काही वर्षे राज्याच्या ग्रामीण भागात तीव्र भारनियमनाची होती. तशी स्थिती पुढे राहिली नसली, तरी वादळ, वीज कोसळणे वा देखभाल यांमुळे पुरवठा खंडित होतो, हे गृहीत धरूनच यंत्रणेची आखणी करावी लागते. वीज परत येताच अनेक स्मार्ट दिवे आपोआप पूर्ण दीप्तीने लागतात. मध्यरात्री असे घडल्यास सारे घर जागे होते. ‘पूर्वस्थितीत परत यावे’ अशी योजना दिव्यात असल्यास ती आरंभीच निवडावी. हब व राउटर इन्व्हर्टरच्या मंडलावर ठेवावेत. चौरस तरंग देणाऱ्या इन्व्हर्टरवर थायरिस्टरयुक्त मंदकाचे कार्य बिघडू शकते, म्हणून ज्यावक्रीय तरंगाचा इन्व्हर्टर श्रेयस्कर होय. चारतारी वाहिनीतील न्यूट्रल तार तुटल्यास घरातील दाब २३० व्होल्टच्या बराच वर जाऊ शकतो. तेव्हा अतिदाबापासून संरक्षण देणारे साधन मुख्य फलकावर असावे.

ऊर्जेचा जमाखर्च : अशा यंत्रणेने वीज वाचतेच असे नाही. ९ वॉटचे १० दिवे रोज ५ तास लावल्यास वर्षास सु. १६४ एकके (युनिट) वीज लागते. स्मार्ट दिवा मालवलेला असतानाही आज्ञेची वाट पाहण्यासाठी अर्धा वॉट घेतो असे मानल्यास उरलेल्या १९ तासांत दहा दिव्यांचे वर्षास सु. ३५ एकके आणि ३ वॉटच्या हबचे सु. २६ एकके, असे ६१ एककांचे नवे ओझे पडते. दिव्यांचा रोजचा वापर पाचवरून तीन तासांवर आला, तरच हा खर्च कसाबसा भरून निघतो. ज्या घरात दिवे मालवण्याची सवय आहे तेथे यंत्रणेमुळे देयक वाढण्याचाच संभव अधिक. याउलट अंगण, जिना, गोठा अशा रात्रभर दिवा ठेवण्याच्या जागी हालचाल-संवेदक बसविल्यास खरी बचत होते. एकाच घटकाने फलकावरील तीन-चार दिवे चालविल्यास प्रतीक्षेतील खर्चही कमी होतो.

परावलंबन व सुरक्षितता : काही हब नियम स्वतःच्याच स्मृतीत ठेवतात, तर काही प्रत्येक आज्ञा इंटरनेटद्वारे उत्पादकाच्या दूरच्या संगणकाकडे पाठवून तेथून परत घेतात. दुसऱ्या प्रकारात इंटरनेट बंद पडल्यास घरातलाच दिवा घरातून लावता येत नाही. उत्पादकाने सेवा थांबविल्यास परिणाम अधिक गंभीर होतो. ‘रिव्हॉल्व्ह’ हा हब मे २०१६ मध्ये सेवा बंद केल्यामुळे निरुपयोगी झाला. एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील ‘इन्स्टिऑन’ या यंत्रणेचे संगणक अकस्मात बंद झाले. पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती जूनमध्ये विकत घेतली. म्हणून हब खरेदी करण्यापूर्वी राउटरची बाहेरील जोडणी काढून दिवे, नियम व बटणे चालतात की नाही हे पाहावे.

संदेश १२८ बिटांच्या किल्लीने सांकेतिक केलेले असले, तरी धोका पूर्णपणे टळत नाही. इझ्राएलमधील वाइझमन संस्थेतील व कॅनडातील डलहौसी विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये एका प्रचलित दिव्यातील त्रुटीचा उपयोग करून बाहेरून त्यावर ताबा मिळविता येतो हे दाखविले. नंतर ती त्रुटी दूर करण्यात आली. मूळचा परवलीचा शब्द बदलणे व उत्पादकाने दिलेल्या सुधारणा वेळोवेळी स्वीकारणे हे त्यावरील साधे उपाय होत. दिवे केव्हा लागतात व मालवतात या नोंदींवरून घरात कोणी आहे की नाही हे कळू शकते, हेही ध्यानात घ्यावे.

उपयुक्तता : रात्री उठणाऱ्या वृद्धांसाठी पलंगापासून न्हाणीपर्यंत मंद उजेड आपोआप लागणे, अपंग व्यक्तीस अंथरुणावरून दिवा लावता येणे आणि बंद घरात सायंकाळी दिवा लागणे हे या यंत्रणेचे महत्त्वाचे उपयोग आहेत. ज्यांना तिचा खरा आधार वाटतो त्यांनाच ती बंद पडल्यावर सर्वाधिक त्रास होतो. यास्तव हब, इंटरनेट वा भ्रमणध्वनी यांपैकी काहीही निकामी झाले तरी प्रत्येक खोलीतील निदान एक दिवा भिंतीवरील बटणाने लागेल, अशी व्यवस्था असावी. तारांची आकृती, साधनांची यादी व नियमांची नोंद कागदावर लिहून मुख्य फलकाजवळ ठेवल्यास यंत्रणा बसविणारा उपलब्ध नसतानाही दुसऱ्या कारागिरास तिची दुरुस्ती करता येते.