टेबलाभोवतीचं अंतराळ : ‘स्टार ट्रेक’ची सहा दशकं

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चा पहिला भाग दाखवला गेला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली होती. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, पण वऱ्हाडात वाढलेल्या माझ्यासारख्या विज्ञानकथावेड्याला दोघींनी मिळून घडवलं. परिषदेच्या १९७४च्या कथास्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं आलेली ‘कृष्णविवर’ ही कथा बक्षीस घेऊन गेली आणि लेखक निघाले जयंत नारळीकर, ही गोष्ट मराठी वाचकाला ठाऊक आहे. ‘स्टार ट्रेक’वर मात्र आपल्याकडे गप्पाच जास्त होतात. नऊशेहून अधिक भाग, चित्रपटगृहांत आलेले तेरा चित्रपट आणि डझनभर मालिका एवढा हा पसारा आहे. आयुष्यभर तो पाहत आल्यावर माझी जी मतं बनली, ती इथे मांडतो.

माझं मुख्य म्हणणं आधीच सांगतो. या मालिकेचं खरं बळ जहाजात, किरणास्त्रांत किंवा परग्रहवासीयांच्या मुखवट्यांत नाही. ते एका टेबलात आहे. संकट येतं, जाणकार टेबलाभोवती बसतात, प्रत्येक जण आपलं मत सांगतो, विरोधी मतही पूर्ण ऐकून घेतलं जातं, मग कप्तान निर्णय घेतो आणि त्याची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतो. ज्या भागात हे घडतं तो भाग पन्नास वर्षांनीही ताजा वाटतो. जिथे टेबल उचलून ठेवलं जातं, तिथे नुसती आतषबाजी उरते.

रविवार सकाळ

आमचं वाशिम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. स्वतंत्र जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. ऐंशीच्या दशकात देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली, कौलांवर आणि गच्च्यांवर अँटेना दिसू लागल्या आणि रविवारी सकाळी दूरदर्शनवर इंग्रजीतला ‘स्टार ट्रेक’ घराघरांत शिरला. ज्याच्याकडे टीव्ही, त्याच्या बैठकीत अर्धी गल्ली. संवाद निम्मे कळायचे नाहीत. आजी विचारायची, “थो कानवाला काय म्हन्ते रे?” आणि आम्ही स्पॉकच्या तोंडी आमच्या मनातलं काहीतरी घालून तिला सांगायचो. संच कृष्णधवल होता. सोनेरी, निळ्या आणि लाल गणवेशांवरून कामं ओळखायची असतात, हे मला फार उशिरा, रंगीत संचावर कळलं.

भाषा अडली तरी मालिका अडली नाही, कारण चेहऱ्यांवरून वाद कळत होता. डॉक्टर मकॉय चिडलाय, स्पॉक शांतपणे काहीतरी खोडून काढतोय, कप्तान कर्क दोघांचं ऐकतोय. भांडणारी माणसं एकाच बाजूची आहेत आणि भांडण झाल्यावरही एकत्रच राहणार आहेत, हे त्या वयात फार मोठं शिक्षण होतं.

पहिली तीन वर्षं : १९६६ ते १९६९

जीन रॉडनबेरी यांच्या मूळ मालिकेचे भाग अवघे ७९. दुसऱ्या वर्षानंतर ती बंद पडणार अशी चिन्हं दिसताच प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला आणि तिसरं वर्ष पदरात पाडून घेतलं. पैसा इतका तुटपुंजा की दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरवून दाखवणं परवडेना. त्यातून माणसाला किरणांनी एका जागेहून दुसऱ्या जागी पाठवणाऱ्या यंत्राची कल्पना निघाली. परग्रहांचे खडक नकली आणि आकाश म्हणजे रंगीत दिव्यांचा उजेड. खरा परग्रह पाहायचा तर आम्हाला दूर जावं लागत नव्हतं. आमच्या रिसोडहून पश्चिमेला बुलढाणा जिल्ह्यात शिरलं की लोणार येतं. बेसॉल्टच्या खडकावर उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर शास्त्रज्ञ चंद्र आणि मंगळावरच्या विवरांच्या अभ्यासासाठी वापरतात. जून २०२० मध्ये त्याचं खारं पाणी गुलाबी झालं, ते क्षारांत जगणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे. पडद्यावरचा ग्रह नकली असला तरी कुतूहल खरं असतं, हे मला लोणारच्या काठावर उभं राहून पटलं.

या मालिकेतला माझा सर्वांत आवडता भाग ‘द डेव्हिल इन द डार्क’ (१९६७). एका ग्रहावर खाणकामगार एकामागून एक मरताहेत. खडक वितळवत बोगदे काढणारा प्राणी त्यांना मारतोय. सगळ्यांना तो राक्षस वाटतो. स्पॉक त्याच्या मनाशी मन जोडतो आणि कळतं की ती आई आहे. कामगार ज्या गोल दगडांचा चुरा करत होते, ती तिची अंडी होती. शेवटी तह होतो : पिल्लं बोगदे खोदतील, माणसं खनिज काढतील, कोणी कोणाला त्रास देणार नाही. रानडुकरं, नीलगायी आणि शेतकरी यांचा रोजचा झगडा पाहणाऱ्या आमच्या भागातल्या माणसाला ही कथा परकी वाटत नाही. कामगारांची बाजू खोटी नाही आणि आईचीही नाही. दोघांना एकत्र बसवणं हेच काम असतं.

दुसरा महत्त्वाचा भाग ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’. भूतकाळात गेलेल्या कर्कला, जिच्यावर त्याचं प्रेम बसलंय त्या समाजसेविकेला मरू द्यावं लागतं. ती जगली तर दुसऱ्या महायुद्धात जर्मनी जिंकणार असते. एका घटनेवर सगळा इतिहास तोललेला. नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’मध्ये विश्वासरावांना चाटून गेलेली गोळी असाच इतिहास बदलते. नारळीकरांना त्यातल्या विज्ञानाची आणि शक्यतेची ओढ आहे. ‘स्टार ट्रेक’ला निवड करणाऱ्या माणसाच्या दुःखाची. दोन्ही वाचून-पाहून झाल्यावर विज्ञानकथेचे दोन्ही डोळे उघडतात.

तिसऱ्या वर्षातले कित्येक भाग कमकुवत आहेत आणि तसं स्पष्ट म्हणायला हवं. ‘स्पॉक्स ब्रेन’ कितीही प्रेमानं पाहिला तरी उभा राहत नाही. तरीही शीतयुद्धाच्या काळात जहाजावर रशियन चेकॉव्ह, जपानी वंशाचा सुलू आणि कृष्णवर्णीय उहुरा अधिकारी म्हणून एकत्र बसतात, ही त्या मालिकेची न पुसणारी कमाई आहे.

पिकार्डचा काळ : १९८७ ते १९९४

‘द नेक्स्ट जनरेशन’चे १७८ भाग ही माझ्या मते या परंपरेची सर्वोच्च पायरी. पहिली दोन वर्षं अडखळत गेली, मग मालिकेला स्वतःचा आवाज सापडला. इथे बैठकीची खोली हा जहाजाचा कायमचा भाग झाला आणि कप्तान पिकार्ड हा ऐकणारा कप्तान होता.

‘पेन पाल्स’ (१९८९) हा भाग फार गाजलेला नाही, पण माझ्या म्हणण्याचा तो सर्वांत स्वच्छ पुरावा आहे. डेटा हा यंत्रमानव एका नष्ट होऊ घातलेल्या ग्रहावरच्या लहान मुलीच्या हाकेला उत्तर देतो. अविकसित संस्कृतींत ढवळाढवळ करायची नाही, हा ‘स्टार ट्रेक’मधला सर्वांत वरचा नियम. मग पिकार्डच्या खोलीत वाद सुरू होतो : साथीत मदत करायची? युद्धात? हुकूमशाहीत? रेघ कुठे ओढायची? पारतंत्र्य भोगलेल्या देशात बसून तो वाद ऐकताना त्याचं वजन वेगळं लागतं. बलवान माणूस ‘तुमच्या भल्यासाठी’ म्हणून येतो तेव्हा काय होतं हे आपल्याला माहीत आहे. आणि बुडणाऱ्याकडे नियम दाखवून पाठ फिरवणं हेही पाप आहे, हेही माहीत आहे.

‘द मेझर ऑफ अ मॅन’मध्ये डेटा ही वस्तू की व्यक्ती यावर खटला चालतो. त्याचा मित्र रायकर यालाच डेटाच्या विरोधात बाजू मांडावी लागते आणि तो ती जीव तोडून मांडतो, कारण त्यानं कुचराई केली तर निकाल आपोआप डेटाच्या विरुद्ध जाणार असतो. कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल आज चाललेल्या गोंधळात हा १९८९चा भाग कोणत्याही महाविद्यालयात दाखवावा असा आहे.

‘डार्मोक’मधले परके लोक फक्त आपल्या पुराणकथांच्या दाखल्यांतून बोलतात, म्हणून भाषांतराचं यंत्र शब्द देतं पण अर्थ देत नाही. एखाद्याला शकुनीमामा म्हणणाऱ्या, रखडलेल्या कामाला बिरबलाची खिचडी म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे लोक चटकन ओळखीचे वाटतात. पिकार्ड शेवटी त्यांच्या मरणासन्न कप्तानाला गिल्गमेशची गोष्ट सांगतो आणि वैर टळतं.

आणि ‘द इनर लाइट’ (१९९२). पिकार्ड एका अंतराळयंत्राच्या प्रभावाखाली, काही मिनिटांत, दुष्काळानं संपत चाललेल्या गावातलं एक संपूर्ण आयुष्य जगतो. गावकरी पाणी मोजून वापरतात, पण चौकातलं एक रोपटं जगवतात. तो मातीचे नमुने तपासतो, पाण्यासाठी योजना सुचवतो, अधिकारी ती ऐकून घेतो आणि पुढे काही होत नाही. सोयाबीनच्या पेरणीनंतर आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यात हा भाग पाहताना तो परग्रहावरचा राहत नाही.

अवघड प्रश्नांचं स्थानक

‘डीप स्पेस नाइन’ (१९९३ ते १९९९) जहाज सोडून एका स्थानकावर थांबली आणि म्हणून परिणामांपासून पळू शकली नाही. परकीय सत्तेतून नुकत्याच सुटलेल्या बेजोर ग्रहाची ही गोष्ट भारतीय प्रेक्षकाला सर्वांत जवळची वाटायला हवी. ‘ड्युएट’मध्ये माजी स्वातंत्र्यसैनिक किरा, बेजोरवर राज्य केलेल्या कार्डेशियनांपैकी एका कैद्याची चौकशी करते. छळछावणीचा क्रूर प्रमुख म्हणून मिरवणारा तो माणूस प्रत्यक्षात तिथला साधा कारकून निघतो. आपल्या देशानं गुन्हा कबूल करावा म्हणून त्यानं स्वतःला फासावर द्यायला काढलेलं असतं. दोन माणसं, एक कोठडी, आणि द्वेषाचं हळूहळू वितळणं. खर्च नगण्य, परिणाम जबरदस्त.

‘इन द पेल मूनलाइट’मध्ये स्थानकाचा कप्तान सिस्को रोम्युलन या परग्रहवासीयांना युद्धात ओढण्यासाठी खोट्या पुराव्याचा आधार घेतो आणि त्यातून खून होतात. त्याच्याभोवती टेबल नाही, आणि शेवटी तो एकटाच नोंदवहीसमोर बोलून ती नोंद पुसून टाकतो. चर्चेविना घेतलेल्या निर्णयाची किंमत इतक्या धारदारपणे या परंपरेत दुसरीकडे दिसत नाही.

घसरण आणि सावरणं

‘व्हॉयेजर’ला (१९९५ ते २००१) जेनवेसारखी खंबीर स्त्री कप्तान मिळाली. घरापासून सत्तर हजार प्रकाशवर्षं दूर फेकलेलं जहाज, त्यावर एकमेकांविरुद्ध लढलेले दोन गट. कल्पना अफाट होती. पण ते वैर लवकरच विरघळून गेलं आणि जहाज दर आठवड्याला पुन्हा कोरं करकरीत. ‘टूव्हिक्स’ या भागात मात्र मालिकेनं धाडस केलं : अपघातानं दोघांचा मिळून झालेला एक माणूस जगण्याची भीक मागतो, डॉक्टर हात आखडतो आणि जेनवे स्वतः त्याला संपवून दोघांना परत आणते. मला तो निर्णय आजही मान्य नाही, आणि तो अमान्य करायला मालिका मला जागा देते म्हणून तिचा आदर वाटतो.

‘एंटरप्राइझ’ २००५ मध्ये चौथ्या वर्षी बंद पडली, नेमकी सूर सापडल्यावर. तिचा शेवटचा भाग आपल्याच पात्रांना बाजूला सारतो. तो अन्याय आहे.

२०१७ नंतरचा काळ संमिश्र. ‘डिस्कव्हरी’नं कृष्णवर्णीय स्त्रीला केंद्रस्थानी आणलं याचं मोल मोठं. पण तिथे वारंवार सगळ्या विश्वाचाच प्राण कंठाशी येतो. सगळंच पणाला लागलं की बसून बोलायला कोणाला वेळ उरत नाही. पूर्वी वर्षाला सव्वीस भाग असत, आता दहा. छोट्या, शांत गोष्टी त्यात मावत नाहीत. ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’नं २०२२ पासून प्रत्येक भागात स्वतंत्र कथा ही पद्धत परत आणली आणि ‘अ‍ॅड अ‍ॅस्ट्रा पेर अ‍ॅस्पेरा’ या न्यायालयीन भागात टेबलही परत आलं.

एक तक्रार आपल्या बाजूची. खान नूनियन सिंग हा मालिकेतला सर्वांत गाजलेला भारतीय. त्याला १९६७ मध्ये मेक्सिकन रिकार्डो मोंताल्बान यांनी आणि २०१३ मध्ये इंग्रज बेनेडिक्ट कंबरबॅच यांनी रंगवलं. मोंताल्बान यांचा अभिनय अविस्मरणीय आहे. २०१३ मध्ये मात्र भारतीय नट न शोधण्याला काही सबब नव्हती. मुंबईच्या पर्सिस खंबाटा यांनी १९७९च्या पहिल्या चित्रपटासाठी डोक्यावरचे सगळे केस उतरवून इलिया साकारली, हे इथे आवर्जून नोंदवावंसं वाटतं.

आणि मराठीत?

हिंदीत दूरदर्शननं ‘स्पेस सिटी सिग्मा’ केली, १९९८ मध्ये केतन मेहतांनी मिलिंद सोमणला घेऊन ‘कॅप्टन व्योम’ केली. त्यांत गणवेश आले, खलनायक आले. टेबल आलं नाही. मराठीत तर कथांचं भांडार तयार आहे. नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’मधला बुद्धिमान यंत्रमानव डेटाच्या शेजारी बसवून पाहा. लक्ष्मण लोंढे यांची ‘दुसरा आइन्स्टाइन’ मेंदू आणि माणूसपण यांबद्दल विचारते. ‘नवल’सारख्या दिवाळी अंकांनी ही परंपरा वर्षानुवर्षं जपली. मराठी माणसाला सभा, ठराव, उपसूचना यांची सवयही जुनी आहे. या मालिकेला लागणारं नाट्य आपल्या रक्तातच आहे.

म्हणून निर्मात्यांना माझी विनंती अशी की अंतराळयानाच्या खर्चानं बिचकू नका. महाराष्ट्रात ढगांवर रसायनं फवारून पाऊस पाडण्याचे प्रयोग झालेच आहेत. पन्नास वर्षांनंतरची ग्रामसभा घ्या. ते तंत्र पक्कं झालंय; वर एक ढग आहे आणि खाली दोन तहानलेली गावं. तो ढग कोणाच्या शिवारात पाडायचा? शास्त्रज्ञ बोलू दे, शेतकरीण बोलू दे, शेजारच्या गावचा सरपंच बोलू दे, आणि शेवटी कोणीतरी निर्णय घेऊन त्याची जबाबदारी उचलू दे. एक खोली, एक टेबल आणि चांगला लेखक एवढ्यावर ही मालिका उभी राहील, आणि ती ‘स्टार ट्रेक’च्या उत्तम भागांच्या मांडीला मांडी लावून बसेल.