गाडी विकली, पण नावावरून उतरली का?

समजा, भिलाईत तुमच्या दारात सीजी ०७ क्रमांकाची एक महागडी स्पोर्ट्स सेडान उभी आहे. निवृत्तीच्या वेळी हौसेने घेतली होती. आता विमा, टायर आणि सर्व्हिसिंगचा खर्च पेन्शनमधून झेपत नाही, म्हणून तुम्ही ती स्वतःच विकायचे ठरवले आहे. डीलरपेक्षा चार पैसे जास्त मिळतील हे खरे, पण कागद सांभाळण्याची जबाबदारीही तुमच्यावरच येते.

किंमत कशी ठरवाल?

विम्याच्या पॉलिसीवर आयडीव्ही म्हणजे गाडीची घोषित किंमत छापलेली असते. चार ते पाच वर्षे वयाच्या गाडीसाठी ती कंपनीच्या विक्री किमतीच्या ५० टक्के धरतात. म्हणजे ५० लाखांच्या गाडीची आयडीव्ही २५ लाख. बाजारभाव याहून कमीही असू शकतो, कारण अशा गाडीला गिऱ्हाईक थोडे आणि देखभाल महाग. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी ४० टक्के झाला. त्याआधी मोठ्या इंजिनाच्या सेडानवर उपकरासह तो ४८ टक्के होता. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरतो. सर्व्हिसिंगच्या सगळ्या पावत्या आणि दोन्ही चाव्या जपून ठेवल्या असतील, तर भाव करताना तुमची बाजू भक्कम राहते.

चाचणीसाठी गाडी देताना गिऱ्हाइकाचा परवाना पाहा आणि स्वतः शेजारी बसा. चावी देऊन घरात जाऊ नका.

पैसे कसे घ्याल?

एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख घेणे प्राप्तिकर कायद्याने मना आहे. घेतल्यास तेवढ्याच रकमेचा दंड होऊ शकतो. म्हणून पैसे आरटीजीएसने किंवा एनईएफटीने घ्या. मोबाइलवर दाखवलेल्या पावतीच्या फोटोवर भरवसा ठेवू नका. रक्कम तुमच्या पासबुकात दिसली की मगच चावी द्या. पैसे घेण्यासाठी कधीही यूपीआय पिन टाकावा लागत नाही. कोणी पिन टाकायला सांगितले तर व्यवहार तिथेच थांबवा. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करा.

खासगी वापराची गाडी विकल्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. जुन्या गाडीवरचा १८ टक्के जीएसटी नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर असतो. स्वतःची गाडी विकणाऱ्या सामान्य माणसाला तो भरावा लागत नाही.

सर्वांत मोठा धोका

पैसे आले, गाडी गेली, पण नोंदणी पुस्तकावर नाव तुमचेच राहिले तर? २००७ मध्ये विकलेली एक कार पुढे अनेक हातांतून फिरली. २००९ मध्ये तिने अपघात केला. नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर होती. फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नोंदणी ज्याच्या नावावर, कायद्याने मालक तोच, आणि भरपाईही त्यानेच द्यायची. अशा एका निकालात आयुष्यभराची बचत जाऊ शकते.

म्हणून क्रमाने असे करा:

१. गाडीवर कर्ज असेल तर ते फेडा. बँकेचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ देऊन नोंदणी पुस्तकावरचा बोजा उतरवा.

२. थकलेली ई-चलने भरा.

३. विक्री झाल्यापासून १४ दिवसांत फॉर्म २९ ने दुर्गच्या परिवहन कार्यालयाला कळवा आणि पोच घ्या. फॉर्म ३० वर तुमच्या आणि खरेदीदाराच्या सह्या लागतात.

४. खरेदीदार नागपूरचा किंवा गोंदियाचा असेल, तर राज्य बदलते. मग फॉर्म २८ ने दुर्गहून ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यावर काम थांबत नाही. महाराष्ट्रात नवी नोंदणी झाली का, हे पाहत राहा.

५. विमा खरेदीदाराच्या नावावर झाला का ते विचारा. दावा न केल्याबद्दलची सवलत मात्र तुमची असते, गाडीची नव्हे. विमा कंपनीकडून तसे पत्र घ्या. ते तीन वर्षांच्या आत तुमच्या दुसऱ्या गाडीला वापरता येते.

६. फास्टॅग बंद करा, नाहीतर टोल तुमच्या खात्यातून कापला जाईल.

आलेली रक्कम कुठे ठेवाल?

एका बँकेत एका ठेवीदाराच्या सगळ्या खात्यांतल्या ठेवींना मिळून, व्याजासह, ५ लाखांपर्यंतच विम्याचे संरक्षण आहे. २० लाख आले तर ते सगळे एकाच ठिकाणी पडू देऊ नका.

महिन्याभराने गाडीचा क्रमांक एमपरिवहन अॅपवर टाकून पाहा. तिथे मालक बदललेला दिसला, की मगच गाडी खऱ्या अर्थाने विकली गेली असे समजा.