गुडघ्यातलं इंजेक्शन

सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनने सूज उतरते, झिजलेली कूर्चा भरून येत नाही. गणेशगुडीची चढण आईच्या गुडघ्यांना झेपेना, तेव्हा धारवाडला जाऊन तिने ते घेतलं. पहिले दोन दिवस दुखणं उलट वाढलं; असं होतं, बर्फ लावावा. मग आराम पडला. तो काही आठवडे, फार तर काही महिने टिकतो. तेवढ्यात मांडीचे व्यायाम सुरू करावेत. (आई कुरकुरत करते.) मधुमेह असेल तर काही दिवस साखर वाढते, रोज तपासा. वारंवार टोचणं मात्र नको: २०१७ च्या एका अमेरिकी अभ्यासात दोन वर्षं, दर तीन महिन्यांनी घेणाऱ्यांची कूर्चा जास्त झिजली, दुखणं सलाइन टोचलेल्यांइतकंच राहिलं. ताप आला, गुडघा लाल, गरम झाला तर त्याच दिवशी दांडेली गाठा.